बंगालचा उपसागर ढवळायला वारा का पुरत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ फिरून येतो. बोटीवरून घेतलेला असतो. पाण्यात लांबलचक रेघ, अलीकडे मातकट पाणी, पलीकडे गडद निळं, मध्ये फेसाची पट्टी. खालचा मजकूर ठरलेला: 'दोन समुद्र इथे भेटतात पण मिसळत नाहीत, विज्ञानालाही न सुटलेलं कोडं!' कधी ते समुद्र अटलांटिक आणि पॅसिफिक असतात, तर कधी अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर. मग जागा अर्थातच कन्याकुमारी.

यातली बरीचशी दृश्यं अलास्काच्या आखातातली किंवा कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या मुखाजवळची आहेत. रेघ खरी असते. एका बाजूला नदीनं आणलेलं गढूळ, कमी खारट पाणी. दुसऱ्या बाजूला समुद्राचं. ती भरती-ओहोटीबरोबर सरकते, वारा सुटला की तुटते आणि काही तासांत किंवा दिवसांत विरून जाते. कन्याकुमारीची गोष्ट तर मुळातच चुकीची आहे. आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेनं १९५३ साली ठरवलेल्या हद्दींनुसार बंगालचा उपसागर पश्चिमेला रामसेतूपाशी आणि दक्षिणेला श्रीलंकेचं दोंद्रा टोक ते सुमात्राच्या उत्तरेचं बेट या रेषेवर संपतो. कन्याकुमारीपुढचं पाणी लक्षद्वीप समुद्रात मोडतं. तिथे दाखवतात ती रंगीत वाळू मात्र खरी आहे. ते रंग गार्नेट, इल्मेनाइट आणि मोनाझाइट या खनिजांचे आहेत, समुद्रांचे नव्हेत.

तरीही या भाबड्या मजकुरानं नकळत एका चांगल्या प्रश्नाला हात घातला आहे. गोडं पाणी खाऱ्या पाण्यात मिसळतंच, पण त्यासाठी किती कष्ट पडतात, आणि ते कष्ट करायला कोणी नसेल तर काय होतं? जगातला सगळ्यात मोठा उपसागर हे या प्रश्नाचं उत्तर आहे. चक्रीवादळं, विदर्भातला पाऊस, मासळी, पाण्यातला प्राणवायू या सगळ्यांच्या मुळाशी पृष्ठभागावरचा दहा-वीस मीटरचा कमी खारट थर आहे. 'बंगालच्या उपसागराचं पाणी तापलं म्हणून वादळ आलं' एवढंच सांगून बातमी संपते, तेव्हा अर्धी गोष्ट राहून जाते.

आधी घरच्या घरी करण्याजोगा प्रयोग. काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या. एक लिटर पाण्यात ३४ ग्रॅम मीठ विरघळवून ते अर्ध्या बरणीपर्यंत ओता. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ आणि खाण्याच्या रंगाचे चार थेंब घाला. बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण बरणीतल्या पाण्यावर तरंगत ठेवा आणि रंगीत पाणी त्या झाकणावर थेंबाथेंबानं सोडा. फरक फक्त चार ग्रॅमचा असूनही रंगीत पाणी वरच राहील. आता वरून टेबलफॅनचा वारा सोडा. पृष्ठभागावर लहरी उठतील, रंगीत थर हलेल, पण खालचं पाणी बराच वेळ स्वच्छ राहील. प्रयोग फसण्याची कारणंही ठरलेली आहेत. दोन्ही पाणी एकाच तापमानाचं हवं. त्यासाठी भरलेली भांडी दोन-तीन तास शेजारी ठेवावीत. रंगीत पाणी फ्रिजमधलं घेतलं, तर मिठातला फरक पार पुसला जातो आणि ते सरळ तळाला जातं. धार मोठी सोडली तर ओतण्याच्या जोरानंच दोन्ही थर मिसळतात. मीठ चमच्यानं न मोजता वजनानंच घ्यावं, कारण दोन चमच्यांत एका ग्रॅमचा फरक सहज पडतो.

हे चार ग्रॅम प्रत्यक्ष उपसागरात येतात कुठून? गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्या आणि म्यानमारच्या नद्या. एका बऱ्यापैकी प्रचलित अंदाजानुसार नद्यांचं वर्षाला सुमारे १,६०० घन किलोमीटर पाणी उपसागरात उतरतं. कोयनेचा जलाशय काठोकाठ भरला तर त्यात जवळपास तीन घन किलोमीटर पाणी मावतं, म्हणजे ही पाचशेहून अधिक कोयना झाली. त्यातही बहुतेक सगळं पाणी जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत येतं. शिवाय उपसागरावर थेट पडणारा पाऊस बाष्पीभवनापेक्षा जास्त असतो. अरबी समुद्रात नेमकं उलट: नद्या थोड्या, बाष्पीभवन पावसापेक्षा जास्त. दोन्ही समुद्र एकाच अक्षांशांवर, वर सूर्य तोच, मोसमी वारे तेच. पण अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर एक किलो पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास क्षार सापडतात, आणि उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर ३० किंवा त्याहून कमी. नद्यांच्या मुखांजवळ तर हा आकडा २५ च्याही खाली जातो. मात्र पन्नास ते शंभर मीटर खाली गेलं की उपसागरातही ३४-३५ ग्रॅमचं नेहमीचं समुद्राचं पाणी लागतं.

आता थोडं गणित. इथे ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून वादळांपाशी यावं, पण सगळी गंमत या दोन परिच्छेदांतच आहे.

उष्ण कटिबंधातल्या २८-२९ अंश सेल्सिअसच्या समुद्री पाण्यात एक किलोमागे एक ग्रॅम क्षार कमी झाले, तर घनता दर घनमीटरला सुमारे ०.७६ किलोनं घटते. त्याच पाण्याचं तापमान एका अंशानं वाढलं, तर घनता फक्त ०.३३ किलोच्या आसपास घटते. म्हणजे एक ग्रॅम क्षाराचं काम करायला सव्वादोन अंश उष्णता लागते. वरचा थर खालच्यापेक्षा चार ग्रॅमनं कमी खारट असेल तर तो घनमीटरमागे तीन किलोनं हलका झाला. नुसत्या उष्णतेच्या बळावर इतका हलकेपणा आणायचा तर पृष्ठभाग खालच्यापेक्षा नऊ अंशांनी गरम असावा लागेल. नमुन्यादाखल ऑक्टोबरमधली स्थिती धरू: वरचे १५ मीटर हलकं पाणी, आणि ते ५० मीटरपर्यंत मिसळून एकजीव करायचं आहे. हलकं पाणी खाली दाबायचं आणि जड पाणी वर उचलायचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम. हे काम गुरुत्व त्वरण, घनतेतला फरक, वरच्या थराची जाडी आणि उरलेली खोली यांच्या गुणाकाराच्या निम्मं. ९.८ गुणिले ३ गुणिले १५ गुणिले ३५, भागिले २. उत्तर दर चौरस मीटरला सुमारे ७,७०० ज्यूल.

हे काम करणार वारा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा समुद्राला बरीच ऊर्जा देतो, पण तिचा मोठा हिस्सा लाटांत आणि वरच्या प्रवाहात खर्च होतो. थर फोडण्याच्या कामी ढोबळमानानं दर चौरस मीटरला २ मिलिवॅट पडतात. ७,७०० ला ०.००२ नं भागलं की साडेअडतीस लाख सेकंद, म्हणजे जवळपास ४५ दिवस अखंड वारा. क्षारतेतला फरक नसता आणि वरचं पाणी फक्त एका अंशानं गरम असतं, तर हेच काम पाच दिवसांत झालं असतं. आणि वाऱ्याची ही ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश. पावसाळा सरल्यावर उत्तर उपसागरातले वारे सेकंदाला पाच मीटरच्या आसपास मंदावतात. त्या हिशेबानं ४५ दिवसांचं जवळपास वर्ष होतं. त्यात रोज दुपारचं ऊन वरचा थर आणखी हलका करतच असतं. वर्ष व्हायच्या आत पुढचा पावसाळा येतो आणि गोड्या पाण्याची नवी खेप उतरते.

समुद्रशास्त्रात या रचनेतल्या एका पट्ट्याला 'अडथळा थर' म्हणतात. तो समजला की वादळांचं कोडं निम्मं सुटतं. समुद्रात सहसा वरचा ढवळलेला थर जिथे संपतो तिथेच पाणी थंड व्हायला लागतं. बंगालच्या उपसागरात तसं होत नाही. वरचा कमी खारट थर १०-२० मीटरवर संपतो, पण पाणी त्याच्याही खाली बरंच खोलवर गरमच असतं. मधला हा २० ते ५० मीटर जाडीचा पट्टा म्हणजे अडथळा थर: खारट, तरीही गरम. हिवाळ्यात तर तो वरच्या पाण्यापेक्षा एखाद-दोन अंश जास्त गरम सापडतो, कारण वरचा पातळ थर कोरड्या ईशान्य वाऱ्यानं लवकर निवतो आणि खालची उष्णता क्षारतेच्या झाकणाखाली अडकून राहते.

चक्रीवादळ गरम समुद्रावर पोसलं जातं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बहुतेक समुद्रांत वादळ स्वतःचाच पाय ओढतं. त्याचे वारे पाणी इतकं घुसळतात की खालचं थंड पाणी वर येतं, पृष्ठभाग दोन-तीन अंशांनी निवतो आणि वादळाचं इंधन तुटतं. वर काढलेल्या हिशेबात वाऱ्याचा वेग सेकंदाला ४० मीटर घातला, तर ताकद ६४ पट होते आणि तोच थर सोळा-सतरा तासांत फुटतो. म्हणजे वादळाला थर फोडणं जमत नाही असं नाही. पण फोडल्यावर वर काय येतं? अडथळा थरातलं गरम पाणी. म्हणूनच पावसाळ्यानंतरची वादळं उत्तर उपसागराला फारशी थंड करू शकत नाहीत, तर एप्रिल-मेमधली वादळं त्याच पाण्याला दोन-तीन अंशांनी निववतात, कारण तोवर गोडं पाणी बरंचसं वाहून गेलेलं असतं. एप्रिल-मेमध्येही २०१९ चं फनी किंवा २०२० चं अंफान यांसारखी महावादळं होतात. तेव्हा मुख्य हात खोलवर साठलेल्या उष्णतेचा आणि अनुकूल वाऱ्यांचा असतो. सगळं खापर एकट्या क्षारतेवर फोडणं हाही उथळपणाच.

याच वादळांपायी 'सायक्लोन' हा शब्द जन्मला. कलकत्त्यात नौका अपघातांच्या चौकशीचं काम पाहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी बुडालेल्या आणि वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या जुळवल्या, वारे केंद्राभोवती गोल फिरतात हे त्यांतून मांडलं आणि १८४८ साली या वादळांना ते नाव दिलं. पुढे मातला नदीवर कॅनिंग बंदर उभारायचं ठरलं तेव्हा, १८५३ साली, त्यांनी गव्हर्नर जनरलला लेखी इशारा दिला: ही जागा वादळी लाटेच्या तोंडावर आहे. इशारा बाजूला ठेवून बंदर बांधलं गेलं आणि १८६७ च्या नोव्हेंबरातल्या वादळानं ते मोडून टाकलं. दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळानं कलकत्त्याच्या परिसरात सुमारे साठ हजार माणसं नेली होती. त्यानंतर कलकत्ता बंदरासाठी इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला.  

पिडिंग्टन यांना ज्या लाटेची भीती होती तिचं गणित वेगळं आहे. उपसागर उत्तरेकडे निमुळता होत जातो आणि गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळानं किनाऱ्यालगतचा तळ दूरवर उथळ करून ठेवला आहे. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. खोल समुद्रात ते तळाकडून परत फिरतं, उथळ तळावर परत फिरायला जागाच नसते, म्हणून पातळी चढत जाते. त्यातच भरतीची वेळ साधली तर संकट दुप्पट. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटाच्या परिसरात असंच झालं आणि तीन ते पाच लाख माणसं गेली. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ धडकलेल्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार मृत्यू झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन गोपाळपूरजवळ आलं तेव्हा आधीच दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले होते आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. वादळ आलं की जुन्या पोथीत हे लिहिलंच होतं, आता पुरी बुडणार, असे व्हिडिओ मराठीतही निघतात. माणसं वाचली ती वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि धडकण्याची वेळ आकड्यांत सांगणाऱ्या अंदाजांमुळे, निवारा केंद्रांमुळे आणि वेळेत सुटलेल्या बसगाड्यांमुळे. पोथीवाल्यांनी एकदा तरी तास आणि तालुका सांगून दाखवावा.

उपसागराचं हे गरम झाकण आपल्याकडेही पोहोचतं. वरचा थर पातळ असल्यानं ढग सरले की तो चार-पाच दिवसांत पुन्हा तापतो, पृष्ठभाग २८ अंशांच्या वर राहतो आणि पावसाळाभर एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होत राहतात. ती ओडिशा-छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येला सरकतात. विदर्भातला आणि मराठवाड्यातला बराचसा पाऊस याच वाटेनं येतो. कोकणात अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडून पाऊस देतात, पण घाटापलीकडच्या पिकांचं भवितव्य पुष्कळदा बंगालच्या उपसागरात ठरतं.

आता पुन्हा त्या 'न मिसळणाऱ्या' समुद्रांकडे. पावसाळ्यानंतर पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दिशा बदलून दक्षिणेला वाहू लागतो आणि गंगा-महानदीचं कमी खारट पाणी आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्याला चिकटून खाली आणतो. हा पट्टा जेमतेम शंभर किलोमीटर रुंद असतो. शास्त्रज्ञ त्याला 'समुद्रातली नदी' म्हणतात. श्रीलंकेला वळसा घालून हे पाणी नोव्हेंबर ते जानेवारीत आग्नेय अरबी समुद्रात शिरतं आणि हिवाळी प्रवाहाबरोबर भारताच्या पश्चिम किनाऱ्यानं उत्तरेकडे सरकतं. केरळच्या आणि लक्षद्वीपच्या समुद्रात मोसमी पावसाआधी पाणी फार तापतं, त्यामागच्या कारणांत या उसन्या हलक्या थराचाही वाटा मानला जातो. म्हणजे दोन समुद्र मिसळतात ते व्हिडिओतल्या रेघेपाशी नव्हे, तर हजारो किलोमीटर लांबीच्या वाटेवर, महिनोन्‌महिने.

ही समुद्रातली नदी टिपली गेली ती कशानं? गोव्यातल्या दोना पावला इथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मच्छीमारांना बाटल्या दिल्या. किनाऱ्यावरच्या आठ ठिकाणी, दर पाच दिवसांनी, होडीतून बाहेर जाऊन एक बाटली पाणी भरायचं. पुढे त्याची क्षारता प्रयोगशाळेत मोजली जाई. इतकं साधं तंत्र लागलं, कारण महागड्या साधनांना नेमका हाच थर सापडत नाही. आर्गो फ्लोट हे आपोआप वर-खाली होणारं यंत्र साधारण हजार मीटर खोलीवर वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि तापमान व क्षारता मोजत वर येतं. पण त्याच्या विद्युतवाहकता मोजणाऱ्या नळीत पृष्ठभागावरची तेलकट साय आणि शेवाळ जाऊ नये म्हणून बहुतेक फ्लोटचा पंप वरच्या पाच मीटरच्या आसपास बंद होतो. दहा मीटरच्या थरातले वरचे पाच मीटर न मोजता सोडले, तर हाती काय उरणार? उपग्रहावरचे क्षारतामापक पृष्ठभागाच्या वरच्या सेंटिमीटरभर पाण्याची सूक्ष्मलहरी वाचतात, पण किनाऱ्यापासून काही दहा किलोमीटरपर्यंत जमिनीचा संकेत मिसळतो आणि आकडा बिघडतो. नांगरून ठेवलेले बोयरे, म्हणजे मोजमापाची साधनं बसवलेले तरंगते खांब, वर्षभर एका जागी मोजमाप करतात, पण त्यांच्या सावलीत मासे जमतात, माशांमागे होड्या येतात, होड्या बोयऱ्यालाच बांधल्या जातात आणि कधी केबल तुटते, कधी सौरपट्टी जाते.

थर मिसळत नाही याची दुसरी किंमत उपसागरातले जीव मोजतात. नायट्रेट आणि फॉस्फेट ही समुद्राची खतं खालच्या थंड पाण्यात असतात. ती वर आली की सूक्ष्म वनस्पती वाढतात. अरबी समुद्रात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर पावसाळी वारे हे पाणी वर खेचतात. उपसागरात झाकण बंद, वरून ढग आणि नद्यांचा गाळ सूर्यप्रकाश कमी करणार. त्यामुळे इतक्या नद्या ओतूनही खुला उपसागर अरबी समुद्राच्या मानानं उपाशी राहतो. नद्यांनी आणलेलं खत बहुतेक मुखांजवळच संपतं.

याच झाकणामुळे खाली प्राणवायूही कमी पोहोचतो. साधारण शंभर-दीडशे मीटरपासून सहाशे मीटरच्या पुढेपर्यंत पाण्यातला प्राणवायू जवळजवळ शून्यावर आहे. जवळजवळ, पण अगदी शून्य नाही, आणि या फरकावर बरंच काही अवलंबून आहे. अरबी समुद्राच्या अशाच पट्ट्यात जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन समुद्राचं खत उडून जातं. उपसागरात प्राणवायूचा अगदी पुसटसा अंश शिल्लक असल्यानं ही क्रिया मोठ्या प्रमाणावर सुरू झालेली नाही. का उरला हा अंश? एक म्हणजे वरून पडणारं जैविक अन्नच कमी. दुसरं म्हणजे हिमालयातून येणारी माती. गंगा-ब्रह्मपुत्रा दरवर्षी शंभर कोटी टनांच्या घरात गाळ आणतात. मातीचे कण मेलेल्या सूक्ष्मजीवांना चिकटतात, त्यांचं वजन वाढतं आणि वाटेत कुजायला वेळ न मिळता ते भराभर तळाला जातात. प्राणवायू वाचतो. याच गाळानं उपसागराच्या तळावर तीन हजार किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी सोळा किलोमीटर जाडीचा पंखा पसरला आहे. जगात याहून मोठा समुद्रतळीचा गाळपंखा नाही. धोका दोन्ही बाजूंनी आहे: शेतातलं जास्तीचं युरिया नदीतून आलं तर वरचं उत्पादन वाढेल, आणि धरणांनी गाळ अडवला तर ओझं कमी होईल. दोन्हींचा परिणाम एकच, प्राणवायूचा तो अंश संपणं.

संरक्षणाचं काम मात्र आजवर मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्यांभोवती झालं आहे. ओडिशातलं गहिरमाथा अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, क्षेत्रफळ १,४३५ चौरस किलोमीटर, बहुतेक सगळं पाणी. इथे आणि ऋषिकुल्या नदीच्या मुखापाशी ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या काही रात्रींत लाखोंनी विणीला येतात. १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात गहिरमाथा, देवी आणि ऋषिकुल्या या तिन्ही ठिकाणी किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची १५ एप्रिल ते १४ जून ही बंदी वेगळी, ती मासळीच्या विणीसाठी. पश्चिम किनाऱ्यावर हीच बंदी १ जून ते ३१ जुलै असते.

कासवं मरतात ती मुख्यतः ट्रॉलच्या जाळ्यात गुदमरून. त्यांना श्वासासाठी वर यावं लागतं. त्यावर उपाय म्हणून जाळ्याच्या गळ्यात तिरकी लोखंडी जाळी बसवतात. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते, कासव जाळीवरून घसरून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. उपाय साधा आहे, फसतोही साध्या कारणांनी. जाळी फार उभी बसली की कासव तिच्यावर दाबलं जाऊन अडकतं, फार आडवी झाली की कोळंबीही झडपेतून निसटते. नदीमुखाजवळ ओंडके आणि जेलीफिश गजांत अडकतात. आणि माल जातोय असं वाटलं की खलाशी झडप सुतळीनं बांधून टाकतात. बंदरात तपासणीला जाळी दिसते, समुद्रात ती बंद असते. अमेरिकेनं २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी याच मुद्द्यावर अडवली आहे.

कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागर इथे कासवांची घरटी थोडी असतात म्हणून कासवमित्र अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात. ओडिशात लाखो घरट्यांपुढे ते शक्य नाही, तिथे किनाराच राखावा लागतो. दोन्हीकडची कासवं वेगळी, असा समज होता. गुहागरला फेब्रुवारी २०२३ मध्ये उपग्रह टॅग लावलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट, मार्च २०२१ मध्ये गहिरमाथ्याला धातूचा बिल्ला लावलेली एक मादी २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. एकाच प्राण्यासाठी दोन राज्यं, दोन किनारे आणि दोन वेगवेगळ्या बंदीच्या तारखा.

बांगलादेशानं २०१४ मध्ये 'स्वॉच ऑफ नो ग्राउंड' या समुद्रतळीच्या दरीभोवती १,७३८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र केलं; तिथे डॉल्फिन आणि ब्रायडचे देवमासे आहेत. पण अशा सगळ्या सीमारेषा किनाऱ्यापासून समुद्राकडे आखलेल्या आहेत. पाणी, गाळ आणि खत येतं ते जमिनीकडून, आणि तिथला कारभार वेगळ्या खात्यांचा. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाल्यावर गंगेतून वर बक्सर-अलाहाबादपर्यंत जाणारी हिलसा ही मासळी बंधाऱ्याखालीच अडली. १२ डिसेंबर १९९६ च्या गंगा पाणीवाटप करारात १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांतलं पाणी दर दहा दिवसांच्या हिशेबानं वाटलं आहे: फरक्क्याला ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं, ७५ हजारांच्या वर गेलं तर भारताला ४० हजार आणि उरलेलं बांगलादेशाला. सुंदरबनच्या खाड्यांतला खारटपणा याच पाच महिन्यांत चढतो. पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल आणि गाळाबद्दल या वाटपात काही नाही. कराराची मुदत तीस वर्षांची आहे, ती डिसेंबर २०२६ मध्ये संपते.